उतरता काउंटर, चढती शिल्लक

यंत्रावर पोट असलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. मशीन चाललं तर ती साहेबांची कर्तबगारी, आणि बंद पडलं तर तो आपला हलगर्जीपणा. जुना भाग जाऊन नवा येतो तेव्हा फोटो साहेबांचा निघतो आणि खोकं आपल्या हातात येतं. त्या खोक्यातला कागद कुठे जातो, हे खोक्यालाही ठाऊक नसतं.

आज मी भाषण करणार नाही. सुटलो म्हणून एकमेकांकडे बघू नका, मला इथून दिसतं. मी फक्त काही पत्रं छापून वाटतो आहे.

ती लिहिणारे दोघे कोण, ते सांगतो. एक मी : प्रेस खात्यातला इलेक्ट्रिशियन, मशीनशेजारच्या लोखंडी पॅनेलचा डॉक्टर. दुसरा माझा साडू. जुन्या पॅनेलमध्ये बसतील असे नवे इलेक्ट्रिक काउंटर विकण्याचा त्याचा धंदा आहे. आमच्या सासऱ्यांना तीन मुली. थोरली माझ्या घरी, मधली त्याच्या घरी, आणि सगळ्यांची लाडकी बारकी आमच्याच कारखान्यात चार नंबरच्या प्रेसवर. आम्हा दोघा साडवांचं बोलणं सहा वर्षं बंद आहे. सासऱ्यांच्या शोकसभेत माझं भाषण ऐन रंगात आलं होतं, तेव्हा या गृहस्थाने पहिल्या रांगेतून मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्या दिवसापासून बोलणं बंद आणि लिहिणं चालू. बायका सख्ख्या बहिणी असल्यावर संपूर्ण बंद ही चैन परवडत नाही.

पत्रं जशीच्या तशी आहेत, माझ्या मूर्खपणासकट. तो गाळला असता तर छपाई पुष्कळ स्वस्तात झाली असती.

*

७ जानेवारी

श्रीमान साडूभाऊ,

आपलं नवं पत्रक थोरलीच्या पिशवीतून माझ्यापर्यंत पोचलं. गुळगुळीत कागद, वर आपला हसरा फोटो, खाली ब्रीदवाक्य : ‘हुबेहूब जुन्याच्या जागी!’ वाचून धन्य झालो. जुन्याच्या जागी हुबेहूब बसणारी वस्तू जगात आजवर एकच पाहिली होती, ती म्हणजे एका साहेबाच्या खुर्चीत बसलेला दुसरा साहेब.

तरीही वेळ आली आहे आणि गरजवंताला अक्कल नसते. चार नंबरच्या प्रेसचा काउंटर गेला. सत्तावीस वर्षं चालला हो! पाच पांढरी चाकं, त्यावर काळे आकडे, प्रत्येक ठोक्याला ‘टक’. हल्लीच्या वस्तूंना आवाज नसतो. त्या गपचूप येतात, गपचूप बिघडतात आणि गपचूप बदलल्या जातात, अगदी कंत्राटी कामगारांसारख्या. याला आवाज होता. या काउंटरने चार मॅनेजर पाहिले आणि चौघांपेक्षा जास्त काम केलं. तो एखाद्या विरक्त माणसासारखा होता. ऐंशी हजारांपासून सुरुवात करी, प्रत्येक ठोक्याला एकेक कमी करत खाली उतरे, आणि शून्य आलं की स्वतःहून मशीन थांबवी. का? तर ब्रेकचं लायनर आता झिजलं, ते बदलल्याशिवाय पुढे चालवू नका म्हणून. शून्यावर पोचल्यावर थांबायची अक्कल त्याला होती. आमच्या एकाही साहेबाला शून्यावर पोचून थांबलेलं मी पाहिलेलं नाही. इतिहास उघडा, साडूभाऊ! साम्राज्यं बुडाली ती शत्रूमुळे नाही, ‘आता पुरे’ म्हणणारा कोणी उरला नाही म्हणून बुडाली. आमच्या खात्यात ‘आता पुरे’ म्हणणारा हा एकच होता, आणि त्याच्याही दशकाच्या चाकाचा दात झिजला. आता नवावरून खाली उतरायला तयार नाही. वय झालं की आपलंही तसंच होतं. आपण मात्र ते मान्य करत नाही.

प्रेस म्हणजे काय हे आपणास ठाऊक असेलच, नसेल तर बारकीला विचारा. वरून लोखंडी ठोकळा आपटतो, खाली पत्रा आणि पत्र्यापाशी बोटं. ब्रेकने ठोकळा वर धरला नाही, तर पत्रा आणि बोट यांत तो भेदभाव करत नाही. फार समतावादी यंत्र आहे.

असो. मापं : पॅनेलमधलं भोक उंची साठ, रुंदी पंचाहत्तर मिलिमीटर. वीज दोनशे तीस व्होल्ट. काउंटर खोचायला मागे अकरा पायांचा बेस. नग एक. हुबेहूब जुन्यासारखा हवा.

आपला,
थोरला साडू

*

१२ जानेवारी

साडूभाऊ,

पत्र मिळालं. सहा पानं. पोस्टमनने पाणी मागितलं.

साम्राज्यांपर्यंत आलो आणि थेट शेवटच्या पानावर गेलो. मापं तिथे होती. आभारी आहे.

नग एक पाठवला. भोक मोठं आहे म्हणून भोवती काळी चौकट दिली आहे. बेस तोच चालेल, एकही तार हलवावी लागणार नाही. हुबेहूब बसेल.

तुमचा,
धाकटा साडू

ता.क. : बसवण्याआधी डाव्या बाजूचा बारीक खटका बघणे. एकदा पॅनेलमध्ये गेला की दिसत नाही. सोबत कागद आहे. वाचणे.

*

२० जानेवारी

श्रीमान साडूभाऊ,

‘वाचणे’! वा! मी तीस वर्षं पॅनेल उघडतो आहे. तुम्ही दुकानाचं शटर उघडायला शिकलात त्याच्या आधीपासून. आणि तुम्ही मला ‘वाचणे’ लिहिता! जगातले मोठमोठे ग्रंथ वाचून बसलेल्या माणसाला तुम्ही टीपकागदाएवढा कपटा पाठवता, ज्यावर मुंगीच्या पायांनी लिहिलंय आणि तेही सात भाषांत, त्यांतली एकही आपली नाही. कँटीनचं कोपऱ्यातलं टेबल डुगडुगत होतं. तुमच्या कागदाची बरोबर आठ पदरी घडी बसली. आता टेबल हलत नाही. माहितीचा याहून चांगला उपयोग झालेला मी पाहिला नाही.

काउंटर बसला. कबूल करतो, चौकट छान आहे. लाल आकडे झळकतात म्हणे. आवाज मात्र नाही. बारकी संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, “मोठे भावजी, हा काही बोलतच नाही हो. जिवंत आहे ना?” मी म्हटलं, “धाकट्या भावजींच्या दुकानातला आहे. काटकसरीने बोलतो.”

आता दुसरी बातमी. ज्या दिवशी काउंटर बसवला त्याच दुपारी आमची गेटवर सभा होती. विषय साधा होता : संडासाला दार असावं. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. माझं भाषण बावन्न मिनिटं झालं. बाविसाव्या मिनिटाला मला वाटलं होतं की आता संपवावं, पण समोर माणसं ऐकत होती. आणि ऐकणारी माणसं सोडून जाणं हे पाप आहे. सभेनंतर गेटवर मला कागद मिळाला. निलंबन, चौकशी होईपर्यंत. तेव्हापासून घरी आहे. तुम्ही आता घड्याळ दाखवलंत तरी हरकत नाही, माझ्याकडे वेळच वेळ आहे.

दाराची मागणी मंजूर झाली म्हणतात. कडी नाही.

आपला,
थोरला साडू

*

११ मार्च

साडूभाऊ,

निलंबन ऐकून वाईट वाटलं. सुट्टीवरच्या बावीस मिनिटांचं जास्त वाटलं.

सात आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण तुमच्याकडे वेळ आहे हे तुम्हीच कळवलं होतंत. उत्तर सोळा पानी येईल ही भीती होती.

आज लिहितो आहे ते आनंदाने. तुमच्या मॅनेजरसाहेबांकडून माझ्या पत्रकासाठी शिफारस मागवली होती. परवा आली. असं हृदय उघडून बोलणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलं नव्हतं. उतरवून देतो :

‘सदर काउंटर बसवल्यापासून चार नंबरचं मशीन एकदाही आपोआप थांबलेलं नाही. पूर्वी शिल्लक रोज घटत असे. आता ती रोज वाढते. आज, नऊ मार्च रोजी, वहीतील शिल्लक एक्याऐंशी हजार दोनशे झाली असून मूळ ऐंशी हजारांच्याही वर गेली आहे. कंपनीच्या इतिहासात हे प्रथमच घडत आहे. मशीन उत्तरोत्तर तरुण होत आहे.’

कसली शिल्लक ते मला कळलं नाही, पण वाढते आहे म्हणजे चांगलीच असणार. ‘मशीन तरुण होत आहे’ हे वाक्य मी पत्रकाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात घालतो आहे. या शिफारशीवर चार कारखान्यांनी मागणी नोंदवली. तुम्ही बसवलेल्या काउंटरने तुमच्या साडूचं भलं केलं, याचा तुम्हाला त्रास होईल हे जाणून आहे.

तुमचा,
धाकटा साडू

*

१३ मार्च, सकाळ
(थोरलीच्या हाती, पहिल्या बसने)

अरे,

ती ब्रेकची शिल्लक आहे. ती वाढत नसते.

काउंटर उलटा मोजतो आहे, शून्यापासून वर, म्हणून मशीन थांबत नाही. ऐंशी हजार उरलेले नाहीत, ऐंशी हजार होऊन गेले. लायनर संपलं. खाली बारकीचे हात आहेत. ती पहाटेच्या पाळीला आत गेली, फोन गेटवर जमा असतो.

चूक माझी. मी चाचणी घेतली नव्हती. वीज बंद असताना काउंटर बसवला, तारा ओढून बघितल्या आणि सभेला गेलो. परत येऊन ऐंशी हजारांचा आकडा भरणार होतो. परत येऊ दिलं नाही. हे तुला लिहिलं नव्हतं.

गेटवर आत सोडत नाहीत. मॅनेजर म्हणतो, निलंबित माणसाने मशीनबद्दल बोलू नये. विकणाऱ्याचं तो ऐकेल. तुझ्या दुकानाच्या कागदावर लिहून घेऊन ये, काउंटर चुकीच्या खटक्यावर आहे म्हणून. तुझ्या चार मागण्या जातील. जाऊ देत.

तीनदा फोन केला. तू कापलास. मीही कापला असता.

ये.

*

१५ मार्च

साडूभाऊ,

तुमचं सहा वर्षांतलं सगळ्यात छोटं पत्र मला आलं, म्हणून माझं सगळ्यात लांब पत्र तुम्हाला जातं आहे. पोस्टमनची मी आधीच माफी मागितली आहे.

थोरली वहिनी दुकानात शिरल्या तेव्हा पावणेदहा झाले होते. पाणी नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या. चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, “भाऊजी, यांनी एकाच पानात संपवलंय. मी घाबरून गेलेय.” मी वाचली आणि मलाही तसंच झालं. चार ओळींचे तुम्ही, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मग कपाट उघडलं आणि तुमचं सात जानेवारीचं पत्र काढलं. ते मी टाकलं नव्हतं, बायकोने टाकू दिलं नव्हतं. आणि पहिल्यांदा सबंध वाचलं. ‘शून्य आलं की स्वतःहून मशीन थांबवी.’ सरळ लिहिलेलं होतं. विरक्त माणूस आणि न थांबणारे साहेब यांच्या मध्ये, साम्राज्यांच्या आधी चार ओळी. मी साम्राज्यापासून उडी मारली असं तुम्हाला कळवलं होतं, ते खोटं होतं. मी दुसऱ्या परिच्छेदातल्या ‘टक’पासूनच उडी मारली होती. दुकानातून काउंटर निघताना खटका नेहमी चढत्या मोजणीवर असतो. शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना तोच लागतो. उरलेल्या दहांनी सांगायचं असतं. तुम्ही सांगितलं होतंत. मी ‘हुबेहूब’ हा शब्द वाचला आणि भोकाचं माप बघितलं. हुबेहूब बसेल असं मी लिहिलं. हुबेहूब वागेल का, हे विचारलंच नाही.

दुकानाच्या कागदावर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘काही तांत्रिक गैरसमजामुळे’. थोरली वहिनी खांद्यावरून वाचत होत्या. म्हणाल्या, “गैरसमजाला बोटं नसतात भाऊजी.” तो कागद फाडला. दुसरा लिहिला : ‘मी पाठवलेला काउंटर या मशीनसाठी चुकीचा लावलेला आहे. मशीन ताबडतोब बंद करा.’ खाली सही, शिक्का.

पुढचं तुम्ही गेटबाहेरून पाहिलंत. तुम्ही रस्त्यापलीकडे उभे होतात, पायात दोन वेगळ्या चपला होत्या. मी बसमधून उतरलो, आपली नजरानजर झाली. सहा वर्षांनी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलंत. तो हिशेब फिटला असं मी समजतो.

आत काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो.

मॅनेजरसाहेबांनी मला बघून दोन्ही हात पसरले. “या या! आमचे यौवनदाते!” चहा मागवला. फोटोसाठी कोणाला तरी हाक मारली. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि म्हणाले, “हे तुमच्या साडूने लिहायला लावलंय.”

“हो,” मी म्हटलं. “आणि खरं आहे.”

“अहो, पण शिल्लक वाढतेय! वही बघा!” वही आली. सुबक आखलेली. मथळा ‘शिल्लक’. पहिल्या दिवशी एकोणीसशे, मग अडतीसशे, मग चढतच गेलेली. प्रत्येक आकड्याखाली तीन सह्या. पंचेचाळीस दिवस, तीन माणसं, म्हणजे एकशे पस्तीस वेळा कोणीतरी हा आकडा बघून पेन उचललं. एकालाही वाटलं नाही की रोज खर्च होणारी गोष्ट रोज वाढते कशी. मी म्हटलं, “साहेब, तुमचं वय किती?” म्हणाले, “चौपन्न.” मी म्हटलं, “म्हणजे चौपन्न वर्षं शिल्लक आहेत असं समजायचं का?” तेव्हा त्यांनी चहाचा कप माझ्यापासून लांब सरकवला. तरीही निघायचं नाव काढीनात. शेवटी मीच उठलो आणि खात्याकडे चालू लागलो. विकणाऱ्याला आत कोणी अडवत नाही, हे तुमचं म्हणणं खरं.

बारकी मशीनवर होती. काउंटरवर अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे आणि काहीतरी. लाल, झळझळीत. मी आवडीने विकतो ते आकडे, पण त्या क्षणी बघवेनात. मला बघून म्हणाली, “अय्या, धाकटे भावजी! आज इकडे कसे?” आणि मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “ब्रेकचं ना?”

तिच्या हातात लांब चिमटा होता. पत्रा ती चिमट्याने सरकवत होती. मशीनच्या खांबावर खडूच्या रेघा होत्या, एकाखाली एक. मी विचारलं हे काय. म्हणाली, “बटण सोडलं की ठोकळा कुठे थांबतो, त्याची खूण. रोज एक रेघ मारते. बघा, कुठून कुठे आला.” सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या रेघेत चार बोटांचं अंतर होतं. मी तिची बोटंही मोजली, साडूभाऊ. सगळी होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दहा-बारा दिवस झाले. हात घालायचं तेव्हाच बंद केलं. चिमट्याने माल कमी निघतो म्हणून रोज बोलणी खाते.”

“कोणाला सांगितलंस का नाही?”

“साहेबांना सांगितलं. म्हणाले, वहीत शिल्लक बघ आणि काम कर. मोठ्या भावजींना सांगायला रविवारी घरी गेले होते. त्यांचं संडासाच्या दारावरचं भाषण चालू होतं, बसूनच. जेवण झालं, भांडी झाली, माझी निघायची वेळ झाली. मग तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘थोडक्यात बोल’. मला थोडक्यात सांगता येईना. तुम्ही ठेवलात.”

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. पाऊस पडला, ऊन पडलं, अशा आवाजात सांगत होती. मला आठवलं. तिने फोनवर “भावजी, तो तुमचा काउंटर बोलत नाही ना...” असं सुरू केलं होतं, आणि मला वाटलं, तुमच्याच सारखी तीही त्या जुन्या ‘टक’साठी गळा काढते आहे.

एवढ्यात मॅनेजरसाहेब पोचले, मागे त्या तीन सह्या. “मशीन उत्तम आहे,” ते म्हणाले. “दाखव गं चालवून.”

बारकीने माझ्याकडे बघितलं. मग चिमटा ठोकळ्याखाली ठेवला, दोन पावलं मागे सरली, आणि लांबूनच बटण दाबून लगेच सोडलं. ठोकळा अर्ध्यात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. घाई न करता, एखादा साहेब खुर्चीत बसतो तसा सावकाश खाली आला आणि चिमट्यावर बसला. मोठा आवाजही नाही झाला.

मॅनेजरसाहेब वाकून चिमट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण वहीत तर शिल्लक आहे!”

बारकीने मुख्य वीज बंद केली. कोणाला विचारलं नाही. मी काउंटर पुढे ओढला. डाव्या बाजूला खटका होता, वर, जसा मी पाठवला तसा.

लायनर कालच बदललं. जुनं मी हातात घेऊन बघितलं. पोस्टकार्ड याहून जाड असतं. खटका खाली केला, ऐंशी हजार भरले, आणि बारकीने पहिला ठोका मारला. एकोणऐंशी हजार नऊशे नव्याण्णव. माझ्या धंद्यात मी इतका सुंदर आकडा बघितला नाही.

चार मागण्या गेल्या. मॅनेजरसाहेबांनी स्वतः चार फोन केले. त्यांच्या अहवालात मात्र लिहिलंय की ‘व्यवस्थापनाच्या सतर्कतेमुळे दोष वेळीच उघडकीस आला’. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी आजवर एकेचाळीस काउंटर विकलेत. एकेचाळीस पत्रं लिहायला घेतली आहेत. एकोणीस झाली. प्रत्येकात एकच प्रश्न : तुमचा जुना काउंटर चढता होता की उतरता? उत्तर आल्याशिवाय झोप लागेल असं वाटत नाही.

आणि एक. शोकसभेत मी घड्याळ दाखवलं, कारण सासूबाईंना चक्कर येत होती आणि तुम्हाला दिसत नव्हतं. हे मी सहा वर्षांत सांगितलं नाही. थोडक्यात सांगता आलं नसतं.

तुमचा,
धाकटा साडू

*

१७ मार्च
(वहीच्या पाठकोऱ्या पानावर, दोन प्रती)

मोठे भावजी आणि धाकटे भावजी,

दोघांना एकच पत्र लिहिते, म्हणजे एकाने गाळलेलं दुसरा वाचेल.

चिमटा मी मोठ्या भावजींकडे पाठवलाय. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवा, पुष्कळ कागद असतात. कँटीनच्या टेबलाखालचा तो आठ पदरी कागद मी काढून आणला. त्यात सातवी भाषा चित्रांची आहे. खटका वर आणि बाण वर, खटका खाली आणि बाण खाली. वाचता येत नसलेल्यालाही कळेल. तो मी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलाय. कँटीनचं टेबल पुन्हा डुगडुगतं.

वहीतला ‘शिल्लक’ हा मथळा खोडून मी ‘ब्रेक संपायला उरलेले ठोके’ असं लिहिलं. साहेब म्हणाले, रकान्यात मावत नाही. मी म्हटलं, रकाना रुंद करा.

रविवारी मी दोन्ही ताईंना माझ्याकडे बोलावलंय. तुम्ही दोघे बरोबर याल. समोरासमोर बसाल. एकाने थोडं कमी बोलायचं, एकाने थोडं जास्त. मध्ये मी बसेन. मला सांगायचं असेल तेव्हा दोघांनी गप्प बसायचं.

बारकी

*

बंधूंनो आणि भगिनींनो, रविवारी आम्ही गेलो. धाकटा साडू तब्बल दहा मिनिटं सलग बोलला, मी मोजून चार. माझी चौकशी अजून चालूच आहे. आरोपात एका कलमाची भर पडली : ‘निलंबित असताना गेटबाहेर उभं राहून मशीनची बदनामी’. मशीनने अजून तक्रार केलेली नाही.

तिच्या घरी भिंतीला टेकून बसलो असताना मला एक गोष्ट कळली. ती मी कुठल्या ग्रंथात वाचली नव्हती. साहेबाने पाहिलं नाही, हे खरं. तो पाहणारच नव्हता, त्याचा तो हुद्दाच आहे. पण मी बावन्न मिनिटं तुमच्या हक्कांवर बोललो आणि त्याच वेळी माझ्या हातून अर्धवट राहिलेल्या कामाखाली माझ्याच घरच्या पोरीची बोटं होती. वाचली ती तिच्या खडूमुळे. माझ्या भाषणाने नाही, साडूच्या कागदानेही नाही.

तेव्हा आज टाळ्या नकोत, घोषणा नकोत. तुमच्यापैकी ज्यांच्या पॅनेलमध्ये जुना काउंटर काढून नवा बसवलाय, त्यांनी एकच गोष्ट करायची. उद्या पाळी सुरू होण्याआधी मुख्य वीज बंद करा, नवा काउंटर पुढे ओढा, आणि बाजूचा खटका वर आहे की खाली, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

माझं बोलणं संपलं. घड्याळ बघा हवं तर.